जळगावच्या उन्हात फिश टँक: पहिला खर्च किती, महिन्याचा किती

घरी कोणी आलं आणि टँक बघितला की पहिला प्रश्न ठरलेला, कितीला पडला? मी पाच-साडेपाच हजार म्हटलं की समोरचा म्हणतो, दुकानात तर दीड हजारात मिळतो की. दीड हजारात मिळते ती नुसती काच. मासे तर त्याहून स्वस्त, वीस-तीस रुपयांपासून. पैसे जातात ते पाणी सांभाळायला, आणि आपल्या खान्देशात मे महिन्यात ४४-४५ डिग्री ऊन, बोअरचं जड (क्षार जास्त असलेलं) पाणी आणि जाणारी लाइट या तीन गोष्टींवरच सगळं बजेट ठरतं. म्हणून आधी पाण्याचं बघा, मग मासे ठरवा, टँक सगळ्यात शेवटी. बहुतेक जण बरोब्बर उलटं करतात आणि पैसे तिथंच वाया जातात.

पाणी कसं बघायचं? तुमच्याकडे किंवा शेजारी आरओ दुरुस्तीवाला येतो ना, त्याच्याकडे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असतो, त्यालाच नळाचं आणि बोअरचं पाणी मोजून द्यायला सांगा, फुकटात काम होतं. नळावर, गिझरवर पांढरा थर बसत असेल तर पाणी जड आहे हे मीटरशिवायही कळतं. जड पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मासे मस्त राहतात, उलट त्यांना तेच मानवतं. निऑन टेट्रा, डिस्कस यांना मऊ पाणी लागतं, म्हणजे आरओचं पाणी, आणि घरचा आरओ एक लिटर चांगलं पाणी द्यायला दोन-तीन लिटर बाहेर सोडतो. ज्या गावात नळ दोन-चार दिवसांनी येतो तिथं हे परवडत नाही आणि मला तर ते बरोबरही वाटत नाही. मी टँक आणला तेव्हा आजी म्हणाली होती, "आठे माणसेस्ले पेवाले पानी नही, नि तू मासास्ले पानी दी ऱ्हायना!" तिचं म्हणणं मी मनावर घेतलं, म्हणून माझ्याकडे फक्त जड पाण्यातले मासे आहेत आणि टँकमधून काढलेलं पाणी एक थेंब मोरीत जात नाही, सगळं तुळशीला, मोगऱ्याला, कढीपत्त्याला जातं. त्यात नायट्रेट असतं, झाडांना ते खतच आहे.

नळाच्या पाण्यात ब्लिचिंग पावडरचं क्लोरीन असतं, त्याने माशांचे कल्ले जळतात. पण आपल्याकडे पाणी तसंही ड्रममध्ये साठवलेलं असतं, झाकण उघडं ठेवून एक-दोन दिवस राहिलं की क्लोरीन उडून जातं (डास बसू नयेत म्हणून वर पातळ फडकं बांधा). घाई असेल तर क्लोरीन घालवणारे हायपोचे खडे मिळतात, तीस-चाळीस रुपयांची पुडी कितीतरी महिने जाते. त्यासाठी महागड्या बाटलीची गरज नाही.

आता टँक. इथं एक गोष्ट पटवून घ्या की छोटा टँक स्वस्त नसतो. मी पहिल्यांदा एक फुटाचा घेतला होता, जेमतेम १२ लिटर पाणी, त्यात दुकानदाराच्या सांगण्यावरून निऑन टेट्रा आणि गोल्डफिश एकत्र. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा मासा, निऑनला २२ ते २६ डिग्री लागतं, आणि दिवस होते एप्रिल अखेरचे. पंधरा दिवसांत सगळे गेले. फार वाईट वाटलं होतं तेव्हा, अजून आठवतं. थोडं पाणी पटकन तापतं, पटकन घाण होतं, चूक झाली तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून किमान दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच घ्या. हिशोबाने ७० लिटर होतं, वरून जागा सोडून आणि वाळू टाकून ६० धरा. झाकणासकट मला १६०० ला पडला. भरल्यावर वाळू-काचेसकट ८०-९० किलो होतो, त्यामुळे टीव्हीच्या टेबलावर ठेवायचा विचार सोडा, फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या, मला १२०० लागले. टँकखाली थर्माकोलची शीट टाकायची, नाहीतर जरासा उंचसखलपणा असला तरी काच तडकते.

जुना टँक मिळाला तर सरळ घ्या, हौस संपलेले लोक निम्म्या किमतीत देतात. फक्त अंगणात भरून दोन दिवस ठेवा, कोपरा पाझरला तर सिलिकॉन लावून पुन्हा बघा, मगच घरात आणा.

फिल्टरला पैसे वाचवू नका पण उधळूही नका. दोन फुटाला स्पंज फिल्टर आणि एअर पंप बास, दोन्ही मिळून साडेपाचशे. पॉवर फिल्टर दिसायला छान असतो, पण लाइट गेली की तो नुसता बंद डबा होतो आणि आतले चांगले, म्हणजे माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया हवेअभावी मरायला लागतात. स्पंज उघड्या पाण्यात असल्यामुळे जास्त तग धरतो. त्याच्यासोबत एक बॅटरीवरचा किंवा पॉवर बँकेवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा, चारशेच्या आसपास. भुसावळला असा की साक्रीला, उन्हाळ्यात लाइट जाणारच. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी विरघळतो, २० डिग्रीला लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम असेल तर ३० डिग्रीला साडेसात, त्यात पंप बंद म्हणजे मासे वर येऊन हवेसाठी तोंड मारायला लागतात. लाइट नसेल तेव्हा खायला अजिबात टाकू नका.

लाइट साधी एलईडी, ६००. थर्मामीटर १००, हा विसरू नका. वाळू विकत घ्यायची गरज नाही, कुठं बांधकाम चालू असेल तिथून मागून दोन घमेली जाड वाळू घ्या, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. धुण्याआधी थोड्या वाळूवर लिंबू पिळा, फेस आला तर त्यात चुनखडीचे कण आहेत, ते आधीच जड असलेलं पाणी अजून जड करतील, ती वाळू नको. रंगीत गोटे, प्लॅस्टिकची झाडं, बुडबुडे सोडणारी पेटी यावर हजार रुपये सहज जातात, मी एकही रुपया घालवला नाही. मनी प्लांटची फांदी मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशी अडकवा, पाणी स्वच्छ ठेवते आणि फुकट येते.

हीटर म्हटलं की लोक हसतात, जळगावात हीटर? पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा ७-८ वर जातो हे आपल्याला माहितीय, आणि या माशांना २४ ते २८ डिग्री लागतं. लिटरला एक-दीड वॅट धरून १०० वॅटचा घ्या, साडेचारशे. पाणी काढताना आधी प्लग काढायचा, तापलेला हीटर उघडा पडला की त्याची काच फुटते. सगळ्या वायरींना बोर्डाच्या खाली झोळ ठेवा म्हणजे ओघळणारं पाणी बोर्डात न जाता खालीच ठिबकेल. थंडीत मागच्या आणि बाजूच्या काचांना थर्माकोल लावला की हीटर कमी वेळ चालतो.

उन्हाळ्याचा बंदोबस्त मात्र स्वस्त आहे. कॉम्प्युटरचा जुना १२ व्होल्टचा पंखा आणि ॲडॉप्टर, दीडशे रुपये, झाकण काढून पाण्यावर तिरका वारा सोडायचा. माठ जसा पाझरून गार होतो तसंच हे, मे महिन्याच्या कोरड्या हवेत पाणी दोन-तीन डिग्री सहज उतरतं. पाणी रोज लिटर-दीड लिटर उडतं, ते भरताना शक्य असेल तर आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं टाका, कारण उडतं फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. टँक पश्चिमेच्या भिंतीला नको, दुपारभर ती भिंत भाजत असते. फारच तापलं तर बाटलीत बर्फ करून बंद बाटली तरंगवा, पण हळूहळू, एकदम गार केलं तर उन्हापेक्षा त्यानेच मासे दगावतात. आमच्या हवेत गुरामी चांगला टिकतो कारण तो वर येऊन हवासुद्धा घेऊ शकतो.

आता ज्याला पैसे लागत नाहीत पण सगळे चुकवतात ते. टँक भरला की लगेच मासे टाकायचे नाहीत. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो त्यांना विषच, एक बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि ही मंडळी स्पंजमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पंप चालू ठेवून रोज चिमूटभर खाणं टाकत राहा, ते कुजून या बॅक्टेरियांना अमोनिया मिळतो. कोणाचा जुना निरोगी टँक असेल तर त्याचा स्पंज तुमच्या पाण्यात पिळून घ्या, वेळ खूप वाचतो. पुढे स्पंज धुवायचा तोही टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, नळाखाली धुतला तर क्लोरीनने सगळे मरतात आणि तुम्ही परत पहिल्या दिवसावर. अमोनियाची टेस्ट किट पाच-सहाशेला येते, दोघा-तिघांत मिळून घ्या.

मासे ३०० रुपयांत भरपूर. सुरुवातीला सात-आठ गप्पी, तेही नुसते नर, नाहीतर दोन महिन्यांत पिल्लांनी टँक भरतो. आपल्याकडे हिवताप विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदात सोडायला गप्पी देतो, या टँकमधले माझे पहिले मासे शेजाऱ्यांच्या तशाच हौदातून आले, रंगाला साधे पण एकदम काटक. ऑस्कर दोन इंचाचा गोंडस दिसतो म्हणून घेऊ नका, फूटभर होतो, मग टँक, फिल्टर, खाणं सगळं नव्याने.

महिन्याचं सांगतो. पंप ५ वॅट दिवसरात्र, लाइट १५ वॅट आठ तास, मिळून सात-सव्वासात युनिट. तुमच्या बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करा, तो खरा दर, दहा रुपये धरला तर ७० च्या आसपास. खाणं ३०-४०, चिमूटभरच टाकायचं, दोन मिनिटांत संपेल एवढं. म्हणजे नेहमीचा महिना शंभर-सव्वाशेत. थंडीचे दोन महिने हीटर अर्धा वेळ चालला तर रोज १.२ युनिट, महिन्याला ३६, म्हणजे साडेतीनशे वर, ते आधीच बाजूला ठेवा. दर रविवारी एक बादली, १५ लिटर, पाणी बदलायचं, त्याला पैसे नाही, अर्धा तास लागतो.

लग्नसराईत आठवडाभर गावाला जायचं असेल तर मोठे मासे न खाता राहतात, शेजाऱ्यांना खायला टाकायला सांगू नका, प्रेमापोटी मूठभर टाकतात आणि पाणी नासतं. त्यांना फक्त लाइट गेली तर बॅटरीचा पंप लावायला शिकवून जा. आणि मासे जास्त झाले तर ओळखीत वाटा, दुकानात परत द्या, पण तापीत किंवा गिरणेत सोडू नका, हे बाहेरचे मासे आहेत, नदीतल्या आपल्या माशांचं खाणं आणि जागा ते खातात.