पित्ताशयाचं ऑपरेशन : दुखण्याची तयारी आधी करा

दुर्बिणीने पित्ताशय काढायचं ठरलं की घरात फाइल, पैसे आणि डबा कोण आणणार यावर बोलणं होतं. दुखण्याची तयारी मात्र राहून जाते. सर्जिकल वॉर्डात रात्रपाळ्या करणारी सिस्टर म्हणून सांगते, तीही आधीच करायची असते.

भूलतज्ज्ञांना भेटण्याआधी नीट आठवा: दात काढताना हिरडीत दिलेल्या इंजेक्शनने कधी पुरळ आलं होतं का, धडधडलं होतं का? ते कागदावर लिहा. ऑपरेशनच्या वेळी पोटावरच्या तीन-चार छेदांभोवती ब्युपिवाकेन किंवा रोपिवाकेन ही जागा बधिर करणारी औषधं टोचतात, तीही त्याच जातीची. डोस वजनावर ठरतो, म्हणून वजन काट्यावर करा, अंदाजाने सांगू नका. हृदय, लिव्हर, किडनी, दमा, अल्सर, रक्त पातळ करायची गोळी, सगळं त्याच कागदावर येऊ द्या. आणि विचारून घ्या, जागा बधिर करणार का, आणि वॉर्डात आल्यावर पहिली गोळी कधी?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बधिरपणा काही तासच टिकतो. दुपारी ऑपरेशन झालेला पेशंट संध्याकाळी म्हणतो, ‘सिस्टर, काहीच दुखत नाही, गोळी राहू द्या.’ मग मध्यरात्री तोच कण्हत बेल वाजवतो. दुखायची वाट पाहू नका, लिहून दिलेली गोळी घड्याळ बघून घ्या. पॅरासिटामॉल 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर कधीच जाऊ नये. लिव्हरचा त्रास किंवा वजन कमी असेल तर मर्यादा आणखी खाली. सर्दीच्या गोळीतही तेच असतं, हे घरच्यांना सांगून ठेवा.

उजव्या खांद्याचं दुखणं मात्र या इंजेक्शनने थांबत नाही. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने छाती-पोटामधला पडदा डिवचला जातो, आणि त्या पडद्याची नस मानेतून येते. एक मावशी खांदा धरून रडत होत्या, त्यांना वाटलं हार्ट अटॅकच आला. डॉक्टरांनी तपासून खात्री केली, मग धरून पॅसेजमध्ये चार फेऱ्या मारल्या, तेव्हा त्या शांत झाल्या. हे दुखणं बहुधा दोन-तीन दिवसांत जातं. पण छातीत दाब, घाम किंवा धाप असेल तर गॅस समजून थांबू नका, लगेच बोलवा.

पिशवीत सैल गाऊन हवाच, कारण परकराची नाडी नेमकी बेंबीजवळच्या टाक्यावर काचते. एक लहान, घट्ट उशी घ्या. खोकताना पोटावर दाबून धरायची. गरम पाण्याची पिशवी पोटावर नको, बधिर कातडीला चटका कळत नाही.

घरी गेल्यावर दुखणं दिवसेंदिवस कमी व्हायला हवं. ते वाढलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी परत या. आणि ती उशी गाडीतही हाताशी ठेवा, स्पीडब्रेकरला लागेल.