जुन्या गाडीचं इंजिन बदलायचंय? आधी कागद, मग पाना

फियाट किंवा अँबेसेडर धूर ओकायला लागली की मेकॅनिक सांगतो, "दुसरं इंजिन टाकून घ्या." टाकता येतं, पण इंजिन नंबर, इंधन आणि सीसी आरसीवर नोंदलेले असतात. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ बघतं ते हेच.

आधी ठरवा: त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवणार की वेगळं? तसंच असेल तर काम सरळ आहे. पेट्रोल काढून दुसऱ्याच गाडीचं डिझेल घातलं की उत्पादकाचा मूळ तपशील बदलतो, आणि असे बदल चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. त्या वाटेला जाऊच नका. सीएनजी किंवा बॅटरीचं किट मात्र चालतं. ते तुमच्या मॉडेलसाठी मंजूर हवं आणि अधिकृत फिटरनेच बसवलेलं हवं.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर माझी कळकळीची विनंती, मूळ इंजिनच दुरुस्त करा. २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेतली विंटेज नोंदणी मिळते ती चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाडीला. ती दहा वर्षं चालते आणि नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. एकदा इंजिन भंगारात गेलं की ही संधी गेली.

जुनं इंजिन विकत घेताना ब्लॉकवरचा नंबर वायर ब्रशने साफ करा आणि वर कागद धरून पेन्सिलने छाप घ्या. आकडे वेडेवाकडे ठोकलेले किंवा जागा घासलेली दिसली तर सौदा सोडा, माल चोरीचा असू शकतो. बिलावर तोच नंबर लिहून घ्या. ज्या गाडीतून ते निघालं, तिचे कागदही मागा.

मग नाशिकमधलं पेठ रोडचं आरटीओ (मालेगावची नोंदणी एमएच-४१ मध्ये वेगळी). आरसी, विमा, पीयूसी, बिल घेऊन बदलाच्या परवानगीचा अर्ज करा. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांची लेखी संमती घ्या. मंजुरी हातात आल्यावरच इंजिन उतरवा. नंतर गाडी तपासणीला न्या आणि आरसीवर नवा नंबर चढवून घ्या. परवानगीविना बदल झालाच असेल तर चौदा दिवसांत कळवावं लागतं. बेकायदा फेरफाराला कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं.

नवी आरसी आली की त्याच आठवड्यात विमा कंपनीकडून पॉलिसीवरचा इंजिन नंबर बदलून घ्या. अपघातानंतर सर्व्हेअर बॉनेट उघडून तोच ताडून पाहतो.