बिझनेस एथिक्सच्या पुस्तकाबद्दल मुलं जे बोलतात ते कसं ऐकायचं

सेमिस्टर सुरू व्हायला चार दिवस उरलेले असतात, लिस्टमध्ये बिझनेस एथिक्सचं जाडजूड पुस्तक असतं, आणि सिनियरना विचारलं तर एक म्हणतो एकदम भारी आहे, दुसरा म्हणतो झोपेची गोळी आहे, आणि गंमत म्हणजे दोघांनी तेच पुस्तक वाचलेलं असतं. मी यात एकदा चांगलीच आपटलेय म्हणून लिहितेय. माझं मत विचाराल तर निम्मी मतं पुस्तकाबद्दल नसतातच, ती मिळालेल्या मार्कांबद्दल असतात, शिकवणाऱ्याबद्दल असतात, नाहीतर गेलेल्या पैशांबद्दल. त्यामुळे "पुस्तक कसं आहे" असं विचारूच नका. "पेपर कसा होता, आणि तू त्यातलं किती वाचलंस" हे विचारा. पेपर एमसीक्यू असेल तर व्याख्या ठळक अक्षरात देणारं पुस्तक मुलांना देवासारखं वाटतं, पेपर केसवर, म्हणजे एखाद्या कंपनीच्या खऱ्या प्रसंगावर विचार करून लिहायचा असेल तर तेच पुस्तक शिव्या खातं.

पुस्तकासोबत येणारा कोड चालला नाही, बाइंडिंग सुटलं, डिलिव्हरी उशिरा आली, असली मतं सरळ बाजूला काढा. एक गोष्ट मात्र त्यातून उचलायची, ऑनलाइन क्विझचा कोड बऱ्याचदा एकदाच वापरता येतो, म्हणजे सेकंडहँड पुस्तक घेतलं आणि क्विझला मार्क असतील तर कोड वेगळा घ्यावा लागणार. हे आधी शिकवणाऱ्यांना विचारून घ्या आणि विषय संपवा.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. "अख्खं पुस्तक वाचलं पण बरोबर काय ते शेवटपर्यंत सांगतच नाही." अकाउंट्समधून आलेल्या मुलांना हे फार टोचतं कारण तिकडे बॅलन्स शीट जुळते नाहीतर जुळत नाही. पण ही तक्रार दोन अगदी वेगळ्या पुस्तकांबद्दल असू शकते आणि ते ओळखणं हेच खरं काम आहे. फोक्सवॅगनची केस घ्या. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने उघड केलं की डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर टेस्ट चालू असल्याचं ओळखतं आणि तेवढ्यापुरताच धूर आटोक्यात ठेवतं, मग कंपनीनेच कबूल केलं की जगभरात अशा जवळपास 1 कोटी 10 लाख गाड्या आहेत. आळशी पुस्तक एवढं सांगून खाली लिहितं, "हे योग्य होतं का? चर्चा करा." अरे चर्चा काय करायची, फसवणूक वाईट हे शाळेतल्या पोरालाही कळतं. चांगलं पुस्तक विचारतं की सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या इंजिनियरला नेमकं कुठल्या टप्प्यावर नाही म्हणता आलं असतं, कुणाला सांगता आलं असतं, त्याची नोकरी गेली असती तर तिचं वजन किती धरायचं, कांटच्या वाटेने (परिणाम काहीही होवो, कर्तव्य पाळायचं) गेलं तर काय निघतं आणि मिलच्या वाटेने (जास्तीत जास्त लोकांचं भलं बघायचं) गेलं तर काय. उत्तर तेही देत नाही, पण निदान एका केसवर पूर्ण विचार करून दाखवतं. म्हणून असं मत ऐकलं की एकच विचारा, "एखादी तरी केस पूर्ण सोडवून दाखवलीय का?" हो म्हणाले तर पुस्तक घ्या, तक्रार विसरा.

"केसेस फार जुन्या आहेत" हे पण सरसकट धरू नका. टायलेनॉलच्या गोळ्यांत विष मिसळल्याची 1982 ची, भोपाळ 1984 ची, हिशोबातल्या घोटाळ्याने बुडालेल्या एन्रॉन या अमेरिकन कंपनीची 2001 ची, या असणारच आणि असायलाच हव्यात, कारण एन्रॉन बुडाल्यावर दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला आणि ऑडिटबद्दल आज जे नियम आपण पाठ करतो त्यातले कितीतरी तिथून सुरू झाले. नव्या कंपनीचं नाव घातलं की पुस्तक नवं होत नाही. हां, पण डेटा प्रायव्हसी नाहीतर अल्गोरिदमवर एकही चॅप्टर नसेल तर मुलं जुनं म्हणतात ते बरोबरच आहे.

मतं ऐकून झाली की पुस्तक स्वतः उघडायचं, लायब्ररीत असेल तर तिथे, नाहीतर सिनियरचं अर्धा तास मागून. मी दोनच गोष्टी बघते.

पहिली फोर्ड पिंटो, म्हणजे फोर्डच्या 1970 च्या दशकातल्या पिंटो नावाच्या गाडीची केस. बहुतेक पुस्तकांत ती असते आणि बहुतेक ठिकाणी अशी सांगतात की फोर्डने हिशोब केला, गाडी दुरुस्त करण्यापेक्षा मेलेल्या माणसांची भरपाई स्वस्त पडते, म्हणून पिंटो तशीच विकली. आकडे खरे आहेत, दर गाडीमागे 11 डॉलर, गाड्या 1 कोटी 25 लाख, म्हणजे खर्च साधारण 13 कोटी 70 लाख, आणि दुसऱ्या बाजूला 180 मृत्यू प्रत्येकी 2 लाख डॉलरने, 180 भाजलेले प्रत्येकी 67 हजाराने, 2100 जळालेल्या गाड्या प्रत्येकी 700 ने, मिळून 4 कोटी 95 लाख. वाचताना अंगावर काटा येतो. पण 1 कोटी 25 लाख पिंटो होत्या कुठे? तो हिशोब अमेरिकेतल्या सगळ्या कंपन्यांच्या कार आणि हलक्या ट्रकचा होता, गाडी उलटल्यावर होणाऱ्या पेट्रोलगळतीबद्दल होता (पिंटोचा घोळ मागून धडक बसली की टाकी फुटण्याचा), तो सरकारच्या सुरक्षा खात्याकडे दिलेला कागद होता, आणि एका जिवाची 2 लाख किंमत त्या खात्याच्याच आकड्यावरून घेतलेली. याने फोर्ड निर्दोष ठरत नाही, टाकीचा धोका खराच होता आणि 1978 मध्ये गाड्या परत बोलवाव्या लागल्याच. पण माणसाच्या जिवाला आकडा लावायचा का, हा प्रश्न मग एका कंपनीपुरता राहत नाही, सरकारपर्यंत जातो. हा फरक सांगणारं पुस्तक मला मिळालं की मी बाकीच्यांनी दिलेले स्टार बघत पण नाही.

दुसरी गोष्ट दोन मिनिटांची. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमनचा 1970 चा लेख कसा मांडलाय ते बघा. नफा वाढवणं हीच कंपनीची जबाबदारी, एवढंच लिहून सोडलं असेल तर अर्धं कापलंय, कारण कायदा आणि समाजाच्या नैतिक रूढी पाळून, अशी अट त्याने स्वतःच घातलेली. पुस्तक एकतर्फी आहे असं काही मुलं म्हणतात ते खरं की खोटं हे याच पानावर कळतं.

आता माझं आपटणं. "जुनी एडिशन घे गं, सेमच आहे, फक्त कव्हर बदललंय" असं सिनियरने सांगितलं आणि मी घेतली. असाइनमेंट आली चौथ्या चॅप्टरमधली दुसरी केस. नव्या एडिशनमध्ये ती होती वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेची, टार्गेटच्या दबावाखाली ग्राहकांना न विचारता खाती उघडली ती, 2016 ला बाहेर आलेली. माझ्याकडे त्या जागी एन्रॉन. मी ऑडिटरवर तीन पानं लिहिली, मन लावून, आणि खाली शेरा आला, "छान, पण हा प्रश्न विचारलेलाच नव्हता." थिअरी खरंच सेम होती, सिनियर खोटं बोलली नव्हती, तिच्या वेळी असाइनमेंटच नव्हत्या एवढंच. तेव्हा जुनी एडिशन घ्याच, पैसे वाचतात, पण अनुक्रमणिका आणि केसेसची नावं नव्याशी जुळवून बघा आणि बदललेल्या केसेस कुणाकडून तरी फोटो काढून घ्या.

आणि तुमची पाळी आली की नुसतं बोअर आहे म्हणू नका. मी पुस्तक ज्युनियरला देताना पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून दिलं: एडिशन जुनी, चॅप्टर एक ते सातच लागले, पेपर केसवर, कोड वापरलेला, चौथ्या चॅप्टरची दुसरी केस चुकीची आहे.