संशोधनाचं पोस्टर करताय? या चुका टाळा

‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेची फेरी असो, २८ फेब्रुवारीची विज्ञान दिनाची स्पर्धा असो की एखाद्या परिषदेतलं पोस्टर सत्र, हॉलमध्ये एक चक्कर मारली की तेच ते दिसतं. वर तीन ओळींचं शीर्षक, खाली ठासून भरलेला मजकूर आणि पार्श्वभूमीला डीएनएचा निळसर फोटो. दोष रंगसंगतीला दिला जातो. खरं तर नेमकं काय सांगायचंय हे ठरायच्या आधीच पॉवरपॉइंट उघडलेलं असतं.

समजा, तुम्ही यवतमाळकडच्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड तपासलंय. शीर्षक हमखास येतं ते असं: ‘यवतमाळ जिल्ह्यातील निवडक गावांमधील भूजल गुणवत्तेचा चिकित्सक अभ्यास’. यातून अभ्यास झाला एवढंच कळतं, काय सापडलं ते नाही. त्याऐवजी ‘२० पैकी १२ बोअरमध्ये फ्लोराइड मर्यादेबाहेर’ असं लिहा (आकडे अर्थात तुमचे). गाइडना असं शीर्षक खटकलं तर त्यांचं वर ठेवा आणि हे वाक्य लगेच खाली, ठळक. माइक मॉरिसन या अमेरिकेतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यानं २०१९ मध्ये हीच कल्पना टोकाला नेली: मधोमध साध्या भाषेत फक्त मुख्य निष्कर्ष, बाकी तपशील कडेला, सोबत क्यूआर कोड. आपल्याकडे परीक्षकांच्या हातात गुणांचा तक्ता असतो, उद्दिष्टं आणि पद्धत त्यांना दिसावी लागते; त्यामुळे तो साचा जसाच्या तसा चालेलच असं नाही. मधलं मोठं वाक्य मात्र उचलाच.

क्यूआर कोड लावलात तर दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. ड्राइव्हची फाइल परवानगी मागत बसली तर कोड लावून उपयोग काय?

दुसरी मोठी चूक तक्त्याची. पीएच, टीडीएस, काठिण्य, क्लोराइड, नायट्रेट, वीस ओळी, सगळं एक्सेलमधून स्क्रीनशॉट मारून चिकटवलेलं. एवढे आकडे उभ्यानं कोणी वाचत नाही. फ्लोराइडचा एक स्तंभालेख काढा. बोअर अनुक्रमानं नकोत, जास्त फ्लोराइडकडून कमीकडे लावा. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५; त्या १.५ वर एक आडवी रेघ मारा, वरचे स्तंभ नारिंगी, बाकीचे करडे. गावाचं नाव स्तंभाखालीच लिहा. पाच सेकंदांत विषय पोहोचतो. थ्रीडी स्तंभ नकोत, त्यांची उंची नीट वाचता येत नाही. लाल-हिरवी जोडीही नको. काही जणांना, विशेषतः पुरुषांना, हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत.

अक्षरं किती मोठी हवीत? मजकूर २४ पॉइंटच्या खाली नको, शीर्षक ८५च्या आसपास. ताडून पाहायचा सोपा उपाय म्हणजे ए-झिरो या मोठ्या मापाचं पोस्टर ए-फोरवर छापायचं. लांबी-रुंदी चौपट कमी होते, २४चे ६ पॉइंट होतात. तो कागद हातात धरून वाचता आला तर बोर्डावरचंही वाचता येईल. पोस्टर मराठीत असेल तर दोन ओळींत जास्त जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

आता फ्लेक्सचं दुकान. चांगल्या पोस्टरची माती इथेच होते. आदल्या रात्री पेनड्राइव्ह घेऊन गेलात, वाढदिवसाच्या फ्लेक्सची रांग आहे, ऑपरेटरनं तुमची फाइल उघडून मजकूर जुन्या कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला, आणि ‘विद्यार्थी’चा रफार भलत्याच अक्षरावर, जोडाक्षरं फुटलेली. युनिकोड मराठीचं असं होतं. म्हणून पीडीएफ स्वतः करून न्या, फॉन्ट आत एम्बेड करून, आणि ‘काही टाइप करू नका, आहे तसं छापा’ असं सांगा. तरीही अक्षरं फुटली तर संपूर्ण पोस्टरची इमेज करा. ए-झिरोला १५० डीपीआय (दर इंचाला १५० ठिपके) म्हणजे साधारण ५००० बाय ७००० पिक्सेल, तेवढे पुरतात. ती व्हॉट्सअॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेली इमेज दबते आणि कॉलेजचा लोगो धुरकट होतो.

आणखी एक. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, पण दुकानातलं नेहमीचं माप ३ बाय ४ फूट. ही दोन गुणोत्तरं जुळत नाहीत. ऑपरेटर ‘ताणून बसवतो’ म्हणाला की गोल पाय-चार्टचा अंडाकृती पाय-चार्ट होतो. आयोजकांनी दिलेलं माप पॉवरपॉइंटच्या स्लाइडला अगदी सुरुवातीलाच द्या. शेवटी बदलायला गेलात तर सगळी मांडणी हलते.

स्क्रीनवरचा झगझगीत निळा आणि पोपटी छपाईत मलूल येतो. शक्य असेल तर आधी वीतभर पट्टी छापून बघा.

फ्लेक्सची घडी घालू नका, गुंडाळी करा. घडीची रेघ बोर्डावर जात नाही. दुहेरी टेप आणि पिना आपल्या आपण न्याव्यात. परीक्षक आले की पोस्टरकडे तोंड करून ओळ न् ओळ वाचू नका, ते त्यांनाही वाचता येतं. आलेखावर बोट ठेवा आणि नारिंगी स्तंभांपासून बोलायला सुरुवात करा.