बालीत दिवसाला सहा पॉइंट? या चुका टाळा

बालीहून परत आलेल्या माणसाला पुण्यात पहिला प्रश्न येतो, "काय काय केलंत?" आणि उत्तर आकड्यात मिळतं: "तीन दिवसांत चौदा पॉइंट." हा पॉइंट शब्द आपण महाबळेश्वरहून उचलला. तिथे तो शोभतो. टॅक्सी करायची, कड्यावर उभं राहून दरी बघायची, फोटो काढायचा, पुढच्या कड्याकडे निघायचं. बालीतली देवळं आणि गावं मात्र अशी बघता येत नाहीत. मी २०१९ च्या मे महिन्यात हाच हिशोब लावला आणि आई-बाबांचा एक अख्खा दिवस गाडीत घालवला.

त्या दिवशीची यादी एका तयार टूरमधून उचललेली होती: लेंपुयांग, तीर्थगंगा, तेगलालांगची भातखाचरं, तीर्थ एम्पुल आणि सूर्यास्ताला तानाह लोत. सकाळी सातला कुटाहून निघालो. लेंपुयांगला दोन दगडी कमानींमध्ये फोटो काढायच्या रांगेत अडीच तास गेले. तीर्थगंगा वीस मिनिटांत उरकलं. तीर्थ एम्पुलला पोचलो तेव्हा तिथली आवराआवर सुरू झाली होती. आईला त्या झऱ्याखाली डोकं भिजवायचं होतं, घरून निघताना तिने तेवढं एकच मागितलं होतं. ते राहिलं. तानाह लोतला काळोख होता आणि समुद्राचा नुसता आवाज. त्यानंतर मी दोनदा बालीला गेले, एकदा आईला घेऊनच. नात्यातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच जणांचे बेत आता मी बसून आखून देते. प्रत्येकाच्या यादीत मला तोच पहिला दिवस दिसतो.

सगळ्यात मोठी चूक: एका दिवसात चारही दिशा

नकाशावर बाली छोटं दिसतं. कुटा ते उबुद जेमतेम पस्तीस किलोमीटर, म्हणजे आपल्याला वाटतं की तासाभरात पोचू. प्रत्यक्षात दीड तास धरा, संध्याकाळी त्याहून जास्त. रस्ते अरुंद आहेत, मध्ये गावं लागतात आणि स्कूटरची गर्दी असते. कुटाहून लेंपुयांग अडीच ते तीन तास, बेदुगुल दोन तास, आणि तानाह लोतहून उलुवातू दीड ते दोन तास. हे लक्षात ठेवलं की "तानाह लोत आणि उलुवातू, दोन्हीकडे सूर्यास्त" असं लिहिलेली यादी कागदावरच खोडता येते. सूर्य दोन्हीकडे एकाच वेळी मावळतो, आणि विषुववृत्ताजवळ असल्यामुळे वर्षभर साधारण सहा ते पावणेसातच्या दरम्यानच मावळतो.

बालीतले लोक दिशा सांगताना डोंगराकडची ती 'काजा' आणि समुद्राकडची ती 'केलोद' असं म्हणतात. घर कसं बांधायचं, देव्हारा कुठे ठेवायचा, झोपताना डोकं कुठे करायचं, सगळं यावरून ठरतं. आपणही बेत तसाच आखावा. एका दिवसाला एकच दिशा.

पूर्वेचा दिवस: क्लुंगकुंग, बेसाकी, तीर्थगंगा, तेंगानान. लेंपुयांग यात घालायचं असेल तर बेसाकी काढा. क्लुंगकुंगला गाडी थांबवायला बहुतेक टूर तयार नसतात, पण तुम्ही आग्रह धरा. तिथल्या कर्ता गोसा या जुन्या न्यायमंडपाच्या छतावर भीमाची गोष्ट रंगवलेली आहे. भीम आपल्या वडिलांना आणि सावत्र आईला, पंडू आणि माद्रीला, सोडवायला नरकात जातो. पापांच्या शिक्षा एकामागून एक चितारल्या आहेत आणि त्यांच्याखाली आरोपी बसायचा. ही गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही, म्हणून ती बघताना मान दुखेपर्यंत वर बघत राहावं लागतं. तेंगानान हे बाली आगा लोकांचं, म्हणजे मूळ रहिवाशांचं गाव. इथे गेरिंगसिंग विणतात: उभे आणि आडवे दोन्ही धागे विणण्याआधीच बांधून रंगवायचे आणि मग मागावर नक्षी जुळवायची. पाटणच्या पटोळ्याची हीच रीत आहे. पैठणीची पारख असलेली आमची आत्या तिथे एका मागाजवळ तासभर बसली आणि तो तास त्या दिवसाच्या यादीत नव्हता. असे तास राखून ठेवा.

मधला दिवस, म्हणजे उबुदच्या आजूबाजूचा: गोवा गजाची गुहा, गुनुंग कावी, तीर्थ एम्पुल, आणि पाऊल आणखी डोंगराकडे टाकायचं तर किंतामानीहून बातुर ज्वालामुखी आणि खालचं तळं. परतताना पंगलीपुरान हे बांबूच्या छपरांचं, एकाच सरळ पायवाटेच्या दोन्ही बाजूंना वसलेलं गाव. गुनुंग कावीला पायऱ्या बऱ्याच उतराव्या लागतात आणि अर्थातच परत चढाव्या लागतात. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर आधीच विचार करा. अकराव्या शतकात कड्यात कोरलेली ही दहा देवळं बघताना कार्ला-भाजे आठवल्याशिवाय राहत नाही.

उत्तर-पश्चिमेचा दिवस: बेदुगुलचं उलुन दानू बेरातान, जातिलुवीची भातशेती, मेंगवीचं तामान आयुन, शेवटी तानाह लोत. हा उलट क्रमाने करू नका. बेदुगुलला दुपारनंतर ढग आणि पाऊस उतरतो. जातिलुवीला निव्वळ हिरव्या पायऱ्या बघून परतू नका. तिथलं पाणी 'सुबाक' या शेतकऱ्यांच्या संघटना वाटून घेतात आणि त्यांचा कारभार जलमंदिरांशी बांधलेला आहे. २०१२ साली युनेस्कोने हा सगळा भूभाग जागतिक वारशाच्या यादीत घेतला. धुळ्याकडच्या पांझरेवरची फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पाण्याचा हा सामाईक हिशोब लगेच ओळखीचा वाटेल.

दक्षिणेला फक्त अर्धा दिवस लागतो: गरुड विष्णू केंचनाचा भव्य पुतळा, मग उलुवातू आणि तिथला केचक नाच. विमानातून उतरलात त्या दिवशी हेही करू नका. पुण्याहून मुंबईमार्गे निघालेला माणूस रात्रभर जागा असतो आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं.

देवळात दर्शन शोधणं

आपल्या लोकांची सगळ्यात जास्त निराशा इथे होते. पाच तास प्रवास करून देवळात जायचं आणि आत मूर्तीच दिसायची नाही! "अहो, गाभारा बंद होता," असं मला किमान दहा जणांनी सांगितलं आहे. बंद नव्हता. बालीतल्या देवळाला एकामागून एक तीन अंगणं असतात आणि सगळ्यात आतलं अंगण पूजेला येणाऱ्यांसाठी राखलेलं असतं. तिथेही बहुतेक वेळा एक रिकामं उंच दगडी आसन असतं, पद्मासन. देव कायम तिथे वस्तीला नसतात, देवळाच्या उत्सवाला उतरतात असं ते मानतात. हा उत्सव, ओदालान, बहुतेक देवळांत दर दोनशे दहा दिवसांनी येतो.

म्हणून अपेक्षा बदला. बाहेरच्या अंगणात शांत बसा. केळीच्या, नारळाच्या पानांची द्रोणासारखी छोटी टोपली, त्यात फुलं, तांदूळ, वर उदबत्ती: ही 'चानांग सारी' बायका रोज जमिनीवर ठेवतात. दुकानाच्या दारात, फुटपाथवर, गाडीच्या डॅशबोर्डवरही. ती ओलांडू नका, पाय लावू नका. पूजा चालू असेल तर पुजाऱ्याच्या समोरून जाऊ नका आणि हात जोडलेल्या माणसांच्या पुढे उभं राहून फोटो काढू नका.

तीर्थ एम्पुलला स्नान करणार असाल तर नियम विचारून घ्या. हे देऊळ इसवी सन ९६२ चं आणि झऱ्याचं पाणी त्यांना अतिशय पवित्र. ओळीने एकेका धारेखाली जायचं असतं, पण मृतांच्या विधीच्या दोन धारा सोडायच्या असतात. आपले लोक उत्साहात सगळ्यांखाली डोकं घालतात. कोरडे कपडे आणि टॉवेल गाडीत विसरू नका. सकाळी लवकर जा. दुसऱ्या खेपेला आई साडेआठला पाण्यात उतरली. रांग नव्हती आणि कुणी घाई करत नव्हतं.

लेंपुयांगबद्दल एक खरी गोष्ट. फोटोत कमानीखाली तळं दिसतं ना, ते तिथे नाही. फोटो काढणारा माणूस मोबाइलच्या भिंगाखाली आरसा धरतो. मागे आगुंग पर्वत दिसेलच असंही नाही, ढग आले की तो पूर्ण नाहीसा होतो. तरीही जायचं असेल तर पहाटे निघा. फोटोसाठी तीन तास द्यायला घरातले सगळे तयार आहेत का, हे आदल्या रात्री विचारा.

कपडे, पाळी, माकडं

गुडघे झाकणारं सारोंग, म्हणजे लुंगीसारखं गुंडाळायचं कापड, आणि कमरेला शेला, हे पुरुषांनाही लागतं. बऱ्याच ठिकाणी तिकिटाबरोबर मिळतं, पण स्वतःचं एक घेऊन ठेवलं तर बरं.

पाळी चालू असलेल्या बाईने देवळात येऊ नये, अशा पाट्या जवळपास सगळीकडे आहेत. ज्यांच्या घरात मृत्यू झाला आहे त्यांनाही तीच मनाई असते, आपल्या सुतकासारखी. या नियमाबद्दल तुमचं मत काहीही असो, माझंही आहे, पण दुसऱ्याच्या देवळाच्या दारात तो वाद घालायची ती जागा नव्हे. यावर उपाय आहे: दिवसांची अदलाबदल करा. देवळांचा दिवस पुढे ढकला आणि जातिलुवी, पंगलीपुरान, कर्ता गोसा किंवा तेगलालांग आधी घ्या. म्हणूनच मी सगळे दिवस एकाच ड्रायव्हरकडे देते, त्याला एक निरोप पाठवला की पुरतं.

उलुवातूची माकडं चष्मा नेतात. गाडीतून उतरतानाच चष्मा, टोपी, कानातले लोंबते डूल काढून पिशवीत टाका आणि पिशवीची चेन लावा. चष्म्याशिवाय दिसत नसेल तर मागून दोरी बांधा. नेलाच, तर ओढाओढ करू नका, चावलं तर रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागतात. तिथे माणसं नेमलेली असतात, ती फळ देऊन वस्तू सोडवून आणतात.

गाडी आणि मधली दुकानं

माणशी टूर घेण्यापेक्षा चारजणांच्या कुटुंबाने ड्रायव्हरसह अख्खी गाडी घ्यावी. दिवस साधारण आठ ते दहा तासांचा असतो. तास कुठून मोजायचे, पेट्रोल आणि पार्किंग धरलेलं आहे का, दहा तासांनंतर दर काय, हे मेसेजवर लिहून घ्या. तोंडी बोललेलं रात्री आठ वाजता दोघांनाही वेगळं आठवतं.

टूर स्वस्त असेल तर मधे थांबे असतात: चेलुकची चांदी, बाटिक, लुवाक कॉफीचा मळा. तिथे ड्रायव्हरला कमिशन मिळतं. त्याचा राग धरू नका, त्याचं पोट त्यावर आहे, पण सकाळीच स्पष्ट सांगा: "ब्ली, दुकानं नकोत." ब्ली म्हणजे दादा. लुवाक कॉफी उदमांजराच्या विष्ठेतून निघालेल्या बियांची करतात आणि त्यासाठी उदमांजरं पिंजऱ्यात ठेवलेली असतात. मी पहिल्या खेपेला ती बघितली आणि आता तिथे कुणालाच पाठवत नाही.

बेसाकीला वाटेत कुणी थांबवून "आज आत पूजा आहे, माझ्याशिवाय सोडणार नाहीत" म्हणालं, तर गाडी तशीच अधिकृत तिकीट खिडकीपर्यंत जाऊ द्या.

शाकाहारी माणसाची फसगत

'सायुर' म्हणजे भाजी, पण त्या भाजीत 'तेरासी', म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचं वाटण असू शकतं. संबाल या तिखट चटणीतही बऱ्याचदा असतं. गाडो-गाडो शेंगदाण्याच्या चटणीचं म्हणून आपण बिनधास्त मागवतो, त्यात उकडलेलं अंडं असतं आणि बाजूला येणारा पापड बऱ्याचदा कोळंबीचा असतो. "व्हेज" एवढं म्हणणं पुरत नाही. "तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी, तान्पा तेलुर" हे कागदावर लिहून दाखवा: मांस, मासे, तेरासी, अंडं नको. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू सगळीकडे मिळतात आणि चांगले असतात. आमच्याकडे तरी डब्यात गूळपोळी आणि दशम्या असतातच. किंतामानीच्या बुफेत सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत बेचव जेवण मिळालं होतं, त्या दिवशी त्याच कामाला आल्या.

पैसे, व्हिसा

एक लाख रुपियाची नोट म्हणजे आपले पाचशे-साडेपाचशे. दहा हजार आणि एक लाख यांत शून्यांचा घोळ होतो, नोट देण्याआधी शून्यं मोजा. गल्लीतल्या बदलीवाल्याने नोटा तुमच्यासमोर मोजल्या तरी हातात घेऊन शेवटची मोजणी तुम्हीच करा आणि नंतर गड्डी त्याच्या हातात परत जाऊ देऊ नका. आगमनावरचा व्हिसा तीस दिवसांचा, पाच लाख रुपिया. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकाला दीड लाख रुपियाची वेगळी पर्यटन पट्टी आहे. दोन्ही इथूनच ऑनलाइन भरता येतात.

पंचांग न बघता तिकीट काढणं

तिथला कोरडा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. म्हणजे आपला मे चांगला, आपला पावसाळाही चांगला. दिवाळीच्या सुट्टीत सरी सुरू होऊ शकतात, मग दुपारनंतरचा कार्यक्रम छताखालचा ठेवा. रस्त्यात मिरवणूक आडवी आली तर हॉर्न वाजवू नका, इंजिन बंद करून बघत बसा.

आणि पाडव्याच्या आसपास जाणाऱ्यांसाठी. बालीचं हिंदू पंचांगही शकाचंच आहे. त्यांचं नववर्ष, न्येपी, बहुधा मार्चमध्ये येतं आणि कधी कधी आपल्या गुढीपाडव्याच्या दिवशीच पडतं, २०२३ मध्ये २२ मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला तसं झालं. त्या दिवशी बालीत पूर्ण शांतता पाळतात. चोवीस तास विमानतळ बंद, रस्त्यावर कुणी नाही, दिवे मंद, आणि पर्यटकांनीही हॉटेलबाहेर पडायचं नसतं. तिकीट त्या तारखेचं निघालं असेल तर विमान कंपनीकडून लगेच बदलून घ्या. त्या काळात तिथे असाल तर आदल्या दिवशी खाण्याचं आणि पाण्याचं सामान खोलीत आणून ठेवा. आदल्या संध्याकाळी राक्षसांच्या मोठमोठ्या आकृत्यांची, ओगोह-ओगोहची मिरवणूक निघते आणि त्यासाठी रस्ते बंद होतात, म्हणून त्या दिवशी लांबची टूर घेऊ नका. दुपारी तीनच्या आत हॉटेलवर परत या आणि पायी चालत कोपऱ्यावर जाऊन उभे राहा.