गोठ्यातल्या डोळे झोंबवणाऱ्या वासाचा बंदोबस्त

गोठ्यात शिरताच डोळे झोंबत असतील तर पंखे वाढवण्याआधी जमिनीकडे बघा. जनावराच्या मूत्रात युरिया असतो आणि शेणातल्या जिवाणूंकडे युरीएज नावाचे विकर (एन्झाइम). दोन्ही एकत्र आले की काही तासांतच त्या युरियाचा अमोनिया होतो, म्हणजे हाच डोळे झोंबवणारा वायू. मोठी दुभती गाय दिवसाला 15 ते 20 लिटर मूत्र टाकते. ते शेणात मिसळण्याआधी वाहून गेले पाहिजे, नाहीतर कोरड्या अंथरुणात मुरले पाहिजे. हवा खेळती हवीच, पण तिने वायू फक्त विरळ होतो, तयार व्हायचा थांबत नाही.

आधी हवेतला अमोनिया मोजा. अमोनिया मीटर किंवा डिटेक्टर ट्यूब (वायू लागला की रंग बदलणारी काचनळी) जमिनीपासून 30 ते 40 सेंटिमीटरवर धरा, कारण बसलेल्या वासराचे नाक तिथेच असते आणि रात्रभर ते तीच हवा घेते. वेळ पहाटेची, दारे उघडण्यापूर्वीची. अमोनिया 10 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग) आत असावा. 25 च्या पुढे गेला तर त्याच दिवशी कामाला लागा.

कोब्याला नालीकडे दर मीटरला 1.5 ते 2 सेंटिमीटर उतार द्या आणि खड्डे बुजवा. शेण दिवसातून किमान दोनदा काढा. नुसते फावड्याने ओढले तर मागे पातळ थर राहतो आणि अमोनिया सुटतो तो त्याच थरातून. म्हणून थोडे पाणी मारून खराट्याने घासा. भरमसाट पाणी ओतू नका, शेणकुंड उगाच भरते.

खरे काम अंथरुणाचे आहे. बारीक, कोरडा लाकडी भुसा उत्तम: मूत्र चटकन शोषतो, शिवाय नायट्रोजन धरून ठेवायला जिवाणूंना लागणारा कार्बन पुरवतो. पेंढा वापरायचा तर 3 ते 5 सेंटिमीटरचे तुकडे करा; अखंड काड्यांमधून मूत्र सरळ खाली जाते. अंथरुणाच्या थराची, म्हणजे गादीची, ओल 40 ते 60 टक्के ठेवा. मूठभर अंथरूण घट्ट दाबा: पाणी टपकले तर ओल जास्त, गोळा होऊन बोटाच्या धक्क्याने फुटला तर ठीक. वर गुडघा टेकून अर्धा मिनिट थांबा. कापड भिजले तर नवा थर आजच टाका.

गादी जागेवरच कुजवायची असेल तर गायीमागे निदान 8 चौरस मीटर जागा हवी. रोज दोनदा, गायी दूध काढायला बाहेर गेल्या की, 25 सेंटिमीटर खोल ढवळा. 15 ते 30 सेंटिमीटर खोलीवर तापमान 45 ते 60 अंश सेल्सिअस राहायला हवे. गादी तापलेली आहे आणि तरी नाक झोंबते, याचा अर्थ कार्बन कमी पडतोय; भुसा वाढवा. थंड पडून कुजका वास येत असेल तर हवा पोचत नाही. अशा दडपलेल्या थरात मिथेन बनतो, आणि अर्धवट हवा मिळते तिथे नायट्रस ऑक्साइड, म्हणून ढवळणे अर्ध्यावर सोडू नका.

वास मारायला चुना भुरभुरवण्याची सवय मोडा. चुन्याने सामू (पीएच) वाढतो आणि ओलीत विरघळलेले अमोनियम वायू होऊन उडते. वास वाढतोच, खताचा नायट्रोजनही जातो. खुराकात गरजेपेक्षा जास्त पेंड दिली तर जादा प्रथिने युरिया होऊन मूत्रात उतरतात. खुराकाचे प्रमाण तपासून घ्या.

साठवलेल्या स्लरीचा, म्हणजे शेण-मूत्राच्या पातळ मिश्रणाचा, धोका मात्र वेगळाच, जीवघेणा. ती ढवळताच हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. तो हवेपेक्षा जड, खड्ड्यात आणि खालच्या कोपऱ्यांत साचतो. आधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण 100 पीपीएमच्या आसपास नाक बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे कधीही समजू नका. अंथरुणात जिप्सम असेल तर हा वायू आणखी वाढतो, म्हणून ते अंथरूण स्लरीत जाऊ देऊ नका. ढवळण्याआधी जनावरे आणि माणसे बाहेर काढा, सगळी दारे उघडा, वारा असलेला दिवस निवडा, आणि ढवळणे थांबल्यावरही निदान अर्धा तास कोणाला आत सोडू नका. कोणी आत कोसळले तर मागोमाग उतरू नका. श्वसनसंच असलेल्या बचाव पथकाला बोलवा.