ट्यूटन्स खेळायला घेताय? मग आधी पळणाऱ्याच्या मागे धावणं सोडा

एज ऑफ एम्पायर्स २ या कॉम्प्युटर गेममध्ये ट्यूटन्स ही सिव्ह (म्हणजे आपण निवडलेली संस्कृती) घेऊन खेळायला लागून मला आता बरीच वर्षं झाली, पण सुरुवातीचे ते सलग पराभव अजून आठवतात आणि आठवले की अजूनही पोटात गोळा येतो. म्हणून नवीन लोकांसाठी लिहितेय. बूम म्हणजे काय (आधी व्हिलेजर म्हणजे गावकरी आणि शेतं वाढवणं), फ्युडलला (दुसऱ्या युगात) कधी जायचं, टीसी (टाऊन सेंटर) रिकामं ठेवायचं नाही, हे तुम्हाला माहीत आहे असं धरूनच चालते.

ट्यूटन्सकडे सगळे ओढले जातात ते ट्यूटॉनिक नाईट या त्यांच्या खास पायदळ सैनिकामुळे. एलीट (वरच्या पायरीचा) झाला की 100 एचपी (जीव), 17 अटॅक आणि 10 मेली आर्मर (जवळच्या माराविरुद्धचं चिलखत), समोरासमोर तलवारीने त्याला पाडायचं म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटतो. पण तो चालतो इतका हळू की साधा धनुर्धारीसुद्धा त्याच्यापेक्षा पटकन सरकतो, आणि बाणांविरुद्धचं त्याचं मूळ आर्मर जेमतेम 2. त्यात या सिव्हला हजबंड्री (घोड्यांचा वेग वाढवणारं अपग्रेड) नाही म्हणून घोडेस्वारही इतरांपेक्षा मागे पडतात, ब्रेसर (बाणांचं शेवटचं अपग्रेड) नाही, आर्बलेस्टर (सगळ्यात वरचा धनुर्धारी) नाही, लाईट कॅव्हलरीसुद्धा (हलके घोडेस्वार) नाही. म्हणजे पळणाऱ्याला पकडेल असं तुमच्याकडे जवळजवळ काहीच नाही, हे पहिल्या दिवशीच मान्य करून टाका. मला ते मान्य करायला दोन वर्षं लागली.

मी जिथे अडकले ते जरा सविस्तर सांगते, कारण आजही दहातले आठ नवीन खेळाडू तिथेच अडकताना दिसतात. दिवाळीच्या सुट्टीत आत्याकडे लॅनवर खेळत होतो, आतेभावाने मंगोल घेतले होते. मी शांतपणे बूम केलं, इम्पीरियलला (शेवटच्या युगात) गेले आणि 30 ट्यूटॉनिक नाईट काढले. एकाला 85 फूड आणि 40 गोल्ड, म्हणजे 2550 फूड आणि 1200 गोल्ड त्यातच गेलं, अपग्रेड वेगळे. सगळे सिलेक्ट केले आणि निघाले. वाटेत त्याचे पंधराएक मंगुदाई (मंगोलांचे घोड्यावरचे धनुर्धारी) दिसले, मी त्यांच्यावर क्लिक केलं, ते मागे सरकले, वळून बाण मारले, परत मागे सरकले. मला वाटत होतं आता गाठते, आता गाठते. असं करत करत मॅपच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात पोचले, आणि तोवर त्याचे हलके घोडेस्वार माझ्या शेतांमध्ये घुसून व्हिलेजर कापत होते. परत फिरायचं तर अख्खा मॅप चालत यायचं. गेम संपला तेव्हा माझे 19 नाईट जिवंत होते आणि व्हिलेजर एकही नव्हता. लढाईत त्याने मला हरवलंच नाही, चालवून चालवून हरवलं.

हे नीट समजून घ्या. हळू सैन्याने सैन्याच्या मागे जायचं नसतं, जे हलू शकत नाही त्याच्याकडे जायचं असतं. टीसी हलत नाही, कॅसल हलत नाही, सोन्याची खाण हलत नाही, शेतं हलत नाहीत. तुम्ही ट्रेबुशे (लांबून दगड फेकणारं यंत्र) लावून त्याच्या कॅसलवर दगड टाकायला लागलात आणि ट्रेबुशेच्या पुढे नाईट उभे केलेत की त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात, एकतर कॅसल सोडून द्यायचा नाहीतर तुमच्यापर्यंत येऊन लढायचं. आणि तो जवळ आला की तिथे तुमचं राज्य. मंगुदाई दूर उभे राहून बाण मारत असतील तर मारू देत, तुम्ही एक पाऊलही त्यांच्या दिशेने टाकायचं नाही, त्यांच्यासाठी मागे एलीट स्कर्मिशर (धनुर्धाऱ्यांविरुद्धचे भालाफेके) ठेवा. मंगुदाई सीजवरच (अशा यंत्रांवरच) तुटून पडायला येतात, त्यामुळे ट्रेबुशे एकटी सोडायची नाही. हात शिवशिवतात, मला माहितीये. तरी नाही टाकायचं.

दुसरं म्हणजे कॅसल कुठे बांधता ते. ट्यूटॉनिक नाईट निघतो फक्त कॅसलमधून, त्यामुळे 650 दगड घालून घराशेजारी कॅसल बांधलात तर प्रत्येक नाईट अख्खा मॅप तुडवत जाणार. तोच कॅसल त्याच्या बाहेरच्या सोन्यापाशी, जरा उंचावर बांधा. उंचावरून मारलं की 25 टक्के जास्त डॅमेज, आणि क्रेनेलेशन्स हे ट्यूटन्सचं खास अपग्रेड घेतलंत की कॅसलची रेंज 3 ने वाढते आणि आत बसलेलं पायदळही बाण मारतं. चालायचं अंतरच संपलं की हळू चालण्याचं दुःख निम्मं कमी होतं.

रॅमचंही (इमारती फोडणाऱ्या ओंडक्याच्या गाड्याचं) तसंच. आत पायदळ बसवलं की रॅम भरभर चालतो आणि बाणांचं त्याला जवळपास काहीच वाटत नाही. साध्या रॅममध्ये 4 जण मावतात. टीसीपाशी नेऊन तिथे नाईट बाहेर काढा, समोरच्याचे धनुर्धारी काय करणार? आणि हो, घोडेस्वार आणि नाईट एकाच ग्रुपमध्ये फॉर्मेशनमध्ये नेऊ नका, सगळेच सगळ्यात हळू असणाऱ्याच्या चालीने चालतात. माझे पॅलाडिन (सगळ्यात वरचे घोडेस्वार) कितीतरी गेम असेच रखडत गेले आणि मला कारणच कळत नव्हतं.

शिकण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. मोठ्या खेळाडूंचे बिल्ड ऑर्डर (कधी काय बांधायचं याची यादी) सेकंदासकट पाठ करून काही होत नाही, निदान या सिव्हला तरी नाही, कारण ट्यूटन्सला सुरुवातीला घाई करायला फारसं काही मिळतच नाही. मिळतं ते शेत, 60 ऐवजी 36 वूडमध्ये. 20 शेतांमागे 480 वूड वाचतं, तेच तुमचं भांडवल. मला खरं शिकवलं ते हॉस्टेलमधल्या एका ताईने. ती शेजारी बसायची आणि एवढंच विचारायची, "तुझी माणसं आत्ता कुठे चाललीत आणि का?" उत्तर आलं नाही की मलाच माझं कळायचं. असं विचारणारं कुणी असेल तर त्याला सोडू नका. नसेल तर हरलेल्या गेमचं रेकॉर्डिंग समोरच्याच्या बाजूने बघा, कंटाळा येतो, तरी बघा.

घर उघडं टाकून निघायचं नाही हे वेगळं सांगायला नको. भिंत घाला, आठ-दहा हॅलबर्डियर (घोडेस्वारांविरुद्धचे भालेवाले) शेतांपाशी ठेवा, गडबड झाली की टाऊन बेल वाजवा, म्हणजे व्हिलेजर आत लपतात. तुमचं सैन्य वाचवायला परत येणार नाहीये, म्हणून जे घरी आहे त्यानेच भागवायचं.

आणि रँक घसरली म्हणून सिव्ह बदलू नका. हजार रेटिंगवरून सुरू करून मी आठशेच्याही खाली गेले होते, रडूही आलं होतं. हळूहळू सावरतं. पहिले वीसएक गेम फक्त एवढंच ठरवून खेळा की निघायच्या आधी मॅपवर एका इमारतीवर बोट ठेवायचं, आणि ती पडेपर्यंत दुसऱ्या कशावरही क्लिक करायचं नाही. गेल्या दिवाळीत आतेभावाचे मंगुदाई माझ्याभोवती घिरट्या घालत होते आणि माझे नाईट ट्रेबुशेपुढून हलले नाहीत. दुसरा कॅसल पडल्यावर त्याने हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाला, "ए, तू आता मागे का येत नाहीस गं?"